लिओनीबाईंची सातवी वही

१

काचेच्या कपाटात चार वह्या ठेवल्या होत्या. गुरुवारी सकाळी साडेनऊला मी जाऊन बघितलं तेव्हा तीन होत्या.

आमच्या हॉस्पिटलचं कागदावरचं नाव संत वेरोनिका. बेळगावात हे नाव सांगितलंत तर रिक्षावाला तुमच्या तोंडाकडं बघत बसेल. 'शिष्टरांचा दवाखाना' म्हणा, मीटरचं नावही न काढता दारात आणून सोडेल. यंदा त्याला पंच्याहत्तर वर्षं होतायत आणि शनिवारी अमृतमहोत्सव आहे. त्यासाठी जुन्या बाळंतपणाच्या वॉर्डात प्रदर्शन मांडलं होतं. त्यात सगळ्यात मोलाच्या होत्या त्या मदर लिओनींच्या वह्या.

एक्कावन्न साली ही बेल्जियमची बाई तीन जोडीदारणी घेऊन गोव्याच्या वाटेनं इथं आली. दोन खोल्या, वर पत्रा, चार खाटा. प्रत्येक जन्म तिनं स्वतःच्या हातानं, इंग्रजीत लिहून ठेवला. वह्या सगळ्या काळ्या कापडात बांधलेल्या. वरती साल नाही, आकडा नाही. आकडा आतल्या पहिल्या पानावर. कपाटात सहा ते नऊ अशा चार ठेवल्या होत्या.

मी राजेश्वरी. शहापूरच्या मागवाल्याची मुलगी, एकतीस वर्षं या दवाखान्याची रेकॉर्ड रूम सांभाळते. माझ्या खोलीतून कागदाचा कपटा हलला तरी मला कळतं, असं मी कालपर्यंत फुशारकीनं सांगत होते.

"आणि भिंतीवरचा तक्ताही गेलाय," सिस्टर लविना म्हणाल्या. या आमच्या मुख्य सिस्टर. वय पंचेचाळीस, गोव्याच्या, आवाज कधी चढत नाही. आज तो जरा जास्तच खाली होता.

तक्ता म्हणजे एका वहीतलं पान मोठं करून, मराठीत उतरवून लावलेलं. ते काम टिळकवाडीच्या सौरवचं. जुने कागद स्कॅन करायला आणि प्रदर्शन मांडायला त्याला नेमलाय. पोरगा हुशार आहे, फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलंय.

"ज्या वहीतलं पान तक्त्यावर होतं, तीच वही गेली मॅडम," सौरव म्हणाला. "दोन्ही एकाच माणसानं नेलंय. उघड आहे."

अर्ध्या तासात तक्ता सापडला. धोबीखान्यात, इस्त्री केलेल्या चादरींच्या थप्पीत, चादरीसारखीच चार पदरी घडी घालून. ती फळी मष्णूअण्णाची. कंग्राळीचा मष्णू चाळीस वर्षं इथल्या चादरी धुतोय. निवृत्त झाला तरी सिस्टरांनी त्याला ठेवून घेतलाय, कारण त्याच्यासारखी घडी कुणाला जमत नाही.

"तक्ता मी काढला," तो म्हणाला. "वही मी घेतली न्हाय." आणि त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच.

सिस्टर लविनांनी घड्याळ बघितलं. "वह्या सरकारदरबारी नोंदवलेल्या आहेत. तक्रार द्यावीच लागेल. पाच वाजता फौजदार येतायत. तोपर्यंत वही आली नाही, तर मी मष्णूचं नाव सांगणार."

ऑफिसात कन्नडमध्ये तक्रार टाइप करायला घेतलीसुद्धा. मष्णूची आई, शहाऐंशी वर्षांच्या जयाबाई, त्याच वेळी वरच्या मजल्यावर स्त्रियांच्या वॉर्डात होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑपरेशन, आणि त्यांना या जगात मष्णूशिवाय कोणी नाही.

२

मी मष्णूला धोबीखान्यात गाठलं. तो बॉयलरपाशी उकिडवा बसला होता.

"मष्णूअण्णा, बोला. मुकाट बसलात तर ते तुम्हाला घेऊन जातील. उद्या आईजवळ कोण?"

"काय बोलू आक्का? तू वाचलंस न्हवं तक्त्यावर?"

वाचलं होतं. सगळ्यांनीच वाचलं होतं. वरती सौरवनं ठळक अक्षरात मथळा दिला होता, 'एक्केचाळीस अनाथ, एक्केचाळीस घरं'. खाली जानेवारी चौसष्टची नोंद: 'मुलगा. वजन पाच पौंड. आईचं नाव कोरं. सहाव्या दिवशी आमच्याकडे दिला. बाराव्या दिवशी कंग्राळीच्या जया नारायण हिला दिला. मिळालं: एक खण, एक नारळ.'

"त्यो मीच," मष्णू म्हणाला. "कंग्राळीत दुसरी जया नारायण कोण? मंगळवारी त्या भितीवर पांढरी चादर लावाय गेलतो, तवा वाचलं. बासष्ट वर्सांनी कळलं की मी रस्त्यावरचा हाय."

मी त्याच्या शेजारी टेकले. 

"मला त्याचं काय न्हाय गं," तो म्हणाला. "जिनं वाढवलं ती आई. पर शनवारी सगळी कंग्राळी इथं येणार. कोणतरी वर जाऊन म्हातारीला इचारणार, व्हय गं, मष्णू तुझा न्हाय म्हणं? ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिशी हे तिच्या कानावर गेलं तर ती तिथंच जाईल. म्हणून तक्ता काढला. वहीला हात लावला न्हाय, आईच्यान!" आणि तो थबकला. "आता आईची शपथ घ्यायचा मला हक्क हाय का न्हाय, ते बी कळंना."

मला रडू आवरेना, म्हणून मी चादरींकडं बघत राहिले.

"आक्का, एक वचन दे. आईला यातलं काय इचारायचं न्हाय."

मी वचन दिलं. वचन द्यायला काय जातं, निभवायला जातं.

आमचे वडील मागावर बसायचे तेव्हा म्हणायचे, धागा तुटला की आधी कुठं तुटला ते बघ, गाठ मग मार. मी थेट प्रदर्शनात गेले. पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, असं सिस्टरांनी बजावलं होतं. पण एकतीस वर्षं त्या वह्या मीच पुसल्यात. किल्ली सिस्टरांच्या ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली असते, हे इथल्या मांजरालाही ठाऊक आहे. मी कपाट उघडलं आणि राहिलेल्या वह्यांची पहिली पानं बघितली.

सहावी. आठवी. नववी.

नववी उघडून मी जानेवारी चौसष्टपर्यंत पानं उलटली. पाच पौंड, जया नारायण, खण, नारळ. मष्णूचं पान जागच्या जागी होतं. चोरीला गेली होती ती सातवी वही, आणि सातव्या वहीशी मष्णूचा काडीचा संबंध नव्हता.

३

सिस्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मष्णूला इंग्रजी येतं का? वह्या बाहेरून सारख्याच. घाईत चुकीची उचलली असेल."

हेही खरंच होतं. 

मग सौरवला धरलं. "सातवीत काय होतं?"

"मी वाचलीच नाही मॅडम. आठवी आणि नववी स्कॅन झाली, सहावी-सातवी सोमवारपासून घेणार होतो. वेळापत्रक कमिटीत सगळ्यांना पाठवलंय." तो नजर चुकवत होता.

"म्हणजे ती वही आता गेली तर जगात तिची प्रतच नाही?"

"नाही."

"आणि ही एक्केचाळीस मुलं अनाथ, हे कुणी ठरवलं?"

"आईचा रकाना कोरा आहे ना! एवढ्या व्यवस्थित बाईनं एक्केचाळीस वेळा रकाना कोरा का सोडावा? मूल सिस्टरांकडे आलं, सिस्टरांनी दुसऱ्या बाईला दिलं. यातून दुसरा अर्थ निघतो का?"

मला तरी निघत नव्हता. "आज सकाळी खोलीत कोण होतं?"

तो आणखी खाली बघायला लागला. शेवटी बाहेर पडलं: आठ ते साडेआठ हा पठ्ठ्या दार उघडं टाकून इडली खायला गेला होता. तेवढ्यात मष्णू चादरी घेऊन आला होता. महोत्सव कमिटीचे अध्यक्ष अप्पासाहेब पाटील पाहुण्यांच्या फेट्यांची खोकी ठेवून गेले होते. आणि सिस्टर लविना रोजच्यासारख्या फेरीला येऊन गेल्या होत्या.

सिस्टर लविना! मी परत ऑफिसात गेले आणि विचारायचं ते विचारलंच. मला बाहेरच्या चोरापेक्षा घरच्या शांत माणसाची भीती जास्त वाटते.

"सिस्टर, ती वही नाहीशी झाली तर दवाखान्याचा फायदाच आहे ना?"

त्या रागावल्या नाहीत. "राजेश्वरी, तो तक्ता बघितल्यापासून मला झोप नाही. खण आणि नारळ घेऊन मुलं दिली, असं आमच्याच मदरनी लिहून ठेवलंय. उद्या कुणी म्हणेल, सिस्टरांनी मुलं विकली. पंच्याहत्तर वर्षांचं काम एका ओळीत मातीत जाईल. तक्ता काढा, असं मी सौरवला सांगणारच होते. पण वही मी जाळीन असं तुला वाटतं? मदरचं अक्षर?"

त्यांचे हात टेबलावर घट्ट एकमेकांत अडकवलेले होते. मला त्यांचं खरं वाटलं. पण खरं वाटणं आणि खरं असणं यातलं अंतर रेकॉर्ड रूममधल्या माणसाला कोणी शिकवायला नको. घड्याळात साडेबारा झाले होते.

४

अप्पासाहेब मांडवात होते. वय एकोणसत्तर, कंग्राळीच्या पाटलांचं घराणं, पांढरे शुभ्र कपडे आणि खणखणीत आवाज. गेलं वर्षभर महोत्सवासाठी राबतायत. प्रत्येक मीटिंगची सुरुवात त्यांची एकच असायची, "मी सत्तावन्न साली ह्याच दवाखान्यात जन्मलो, ल्योनीबाईच्या हातावर." आम्ही ओठांत ओठ घालून हसायचो. गेल्या दोन मीटिंगांत मात्र ते हे म्हणाले नव्हते. स्मरणिकेच्या प्रुफातूनही ती ओळ त्यांनी स्वतः काट मारून काढली होती. मला वाटलं, चला, वयानुसार माणूस सुधारला.

"राजेश्वरीबाई, बसा. सापडली का वही?"

"नाही. मष्णूअण्णांवर आळ आलाय."

"त्याला सोडा म्हणावं. मी सिस्टरांना सकाळीच सांगितलं, पोलिसात जाऊ नका, घरातलं घरात मिटवा. गरीब माणूस हाय. आमच्याच गावचा." ते मांडवाच्या खांबाकडं बघत बोलत होते. "आणि खरं सांगू? त्यानं तक्ता काढला ते लई बरं केलं. सूपभर जोंधळ्यावर लेकरं वाटली ह्या बायांनी, आणि ते आपण भितीवर लावून मिरवायचं? ज्याच्या त्याच्या घरात काय वादळ उठंल, हे त्या टिळकवाडीच्या पोराला काय कळतंय?"

"तुमची गाडी सकाळपासून दिसली नाही. कुठं गेला होता?"

"मार्कंडेय नदीच्या पुलापर्यंत. जरा वारं खायला."

त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला त्यांचं कौतुक वाटलं. एवढा मोठा माणूस, पण धोब्यासाठी शब्द टाकतो. मी नमस्कार करून निघाले. त्या पाच मिनिटांत त्यांनी माझ्या हातात काय ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. एकतीस वर्षं कागद वाचून कान बोथट होतात, दुसरं काय!

दोन वाजले. माझ्याकडं चार माणसं होती आणि धागा एकही नव्हता. सातवी वही मी कधीतरी पंधरा वर्षांपूर्वी चाळली होती, पण त्यात काय होतं ते काही केल्या आठवेना. लिओनीबाईंना ओळखणारं, हातीपायी धड नसलं तरी डोकं धड असलेलं एकच माणूस या इमारतीत होतं. आणि त्याच माणसाला काही विचारणार नाही, असं मी वचन दिलं होतं.

तीन वाजता मी वचन मोडलं. मष्णूची माफी मी नंतर मागितली, पण वाईट वाटलं नाही, हे खोटं कशाला बोलू?

५

जयाबाई उताण्या पडून छताकडं बघत होत्या. वजन लटकवलेला पाय, आणि तोंडानं नर्सला शिकवणं चालू.

"मावशी, ल्योनीबाई कशा होत्या हो?"

"लई ग्वाड बाई. मराठी अशी बोलायची की हसून हसून टाकं तुटायचं."

"तुम्ही त्यांना खण-नारळ दिलात, तो कशासाठी?"

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. दार लावून घ्यावं तसा. "ते बोलायचं न्हाय."

"का?"

"न्हाय म्हणलं न्हवं? जा तू."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "मावशी, मष्णूअण्णा अडचणीत आहेत. त्यांनी काही केलेलं नाही. तुम्ही बोललात तर सुटतील, नाहीतर पाच वाजता पोलीस नेतील."

म्हातारीनं डोळे मिटले. ओठ नुसते हलत राहिले. त्या म्हणाल्या, "पडदा वड." मी पडदा ओढला. "खिडकी लाव." खिडकी लावली. मग त्या इतक्या हळू बोलायला लागल्या की मला कान तोंडाशी न्यावा लागला.

"माझी तीन गेली. एक बी बारा दिसाचं झालं न्हाय. सटवी नशीब लिवाय येती न्हवं सहाव्या राती, तिला माझं घर घावलं व्हतं. चौथ्याला सासू म्हणाली, ह्यो आपला म्हणायचाच न्हाय. दुसऱ्याच्या पदरात टाकायचा आन इकत घ्याचा. पर गावातल्या बायका सटवीला सगळ्या ठावं. ही पांढऱ्या कापडातली बाई, परमुलखातली. हिच्या पदरातलं प्वार कुणाचं, सटवीला कसं कळणार? सहाव्या दिशी ल्योनीबाईच्या पदरात टाकला. वहीत माझं नाव लिवू नगं म्हणलं. तिनं न्हाय लिवलं. बाराव्या दिशी खण-नारळ दिऊन इकत घेतला. मसणात जायचं ते वाचलं, म्हणून मष्णू नाव ठिवलं."

"म्हणजे मष्णूअण्णा तुमच्याच पोटचे?"

"गप!" त्यांनी माझं मनगट असं दाबलं की वळ उठला. "बोलायचं न्हाय. कवाच न्हाय. सटवी ऐकती. बासष्ट वर्सांत मी त्याला एकदा बी 'माझा' म्हणले न्हाय. आज तुझ्यापायी बोलले. त्याला काय झालं तर तुझ्या माथी."

 एक्केचाळीस अनाथ! एकही अनाथ नव्हता. आमच्या बायका दवाखान्याला मसण म्हणायच्या, बाळंतपणाला पाय ठेवायच्या नाहीत. या परक्या बाईनं त्यांना हसून लावलं नाही, देवाच्या नावानं दटावलंही नाही. पदर पसरला, नि रकाना कोरा सोडला. दवाखाना उभा राहिला तो यावर, आणि आम्ही भिंतीवर भलतंच लिहिलं होतं.

"मावशी, सगळ्याच बायका खण-नारळ द्यायच्या?"

"माझ्या येळंला. आदीच्या बायका सूपभर जोंधळं घालायच्या. मागनं ल्योनीबाईच म्हणाली, दुष्काळाचं धान नगं बायांनो, खण-नारळ बास."

सूपभर जोंधळं. मी उठून उभी राहिले. तक्त्यावर जोंधळ्याचं नावही नव्हतं. आठव्या-नवव्या वहीत नव्हतं. ते असणार फक्त आधीच्या वह्यांत, आणि हे शब्द आज दुपारी मी मांडवात ऐकले होते.

चार वाजायला दहा कमी होते. मी जवळजवळ धावतच रेकॉर्ड रूमकडं निघाले.

६

पाचला पाच कमी असताना सिस्टरांच्या ऑफिसात आम्ही पाच जण होतो. सिस्टर, सौरव, मष्णू, अप्पासाहेब आणि मी. फौजदार बाहेर बाकावर चहा पीत होते. माझ्या पदराखाली एक जुनी वही होती.

"अप्पासाहेब," मी म्हटलं, "मुलं सूपभर जोंधळ्यावर दिली, हे तुम्हाला कुठं कळलं?"

"तक्त्यावर व्हतं की."

"तक्त्यावर खण-नारळ होता. इथं सगळे खण-नारळच म्हणतायत. जोंधळे सातव्या वहीत आहेत. सहावी छप्पनला संपते, म्हणजे सातवी सत्तावन्न सालची. तुम्ही सत्तावन्न साली जन्मलात, हे वर्षभर सांगत होता, आणि मग एकदम सांगायचं थांबलात. प्रुफातली ओळसुद्धा काढलीत. सौरव, सातवी वही तू कुणाला दाखवली होतीस?"

सौरवचा चेहरा उतरला. "महिन्यापूर्वी... साहेबांना भाषणासाठी जन्माची नोंद बघायची होती. म्हटलं, तुमची तारीख तुम्हीच शोधा. मी कामात होतो."

 अप्पासाहेब खुर्चीत ताठ बसले होते. मग त्यांचा तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे.

"वही गाडीत हाय. फेट्यांच्या खोक्यात. नदीत टाकाय गेलतो. टाकवंना. बाराव्या दिवसाच्या नोंदीपुढं माझ्या आईचा अंगठा हाय. राजाबाई, कंग्राळी." त्यांनी मष्णूकडं बघितलं. "तुझं नाव घेतलं त्यांनी, आणि मी गप बसलो. सोडा म्हणालो, पर खरं बोललो न्हाय. पाटलाचा म्हणून एकोणसत्तर वर्सं मिरवलो रं. कुणाचा हाय तेच ठावं न्हाय, हे गावासमोर कसं सांगू?"

मष्णूनं नुसती मान डोलावली. त्याला तरी दुसरं काय वाटत होतं?

मी पदराखालची वही टेबलावर ठेवली. "ही भटारखान्याची वही. अशा बऱ्याच रद्दीत निघाल्या होत्या, मी ठेवून घेतल्या होत्या. प्रत्येक खाटेला कुठलं जेवण गेलं, ते स्वयंपाकी रोज लिहायचा. वाचा, सत्तावन्नचा मार्च."

अप्पासाहेबांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवलं. "तीन मार्च. खाट दोन. राजाबाई, कंग्राळी. बाळंतीण. पेज आणि तूप." त्यांनी पान उलटलं. "चार मार्च. खाट दोन, राजाबाई..."

"चौदापर्यंत रोज आहे," मी म्हटलं. "दुसऱ्याचं मूल घ्यायला आलेली बाई बाळंतिणीच्या खाटेवर बारा दिवस पेज पीत पडत नाही, अप्पासाहेब. आणि मष्णूअण्णा, चौसष्टच्या जानेवारीत खाट चारवर कोण होतं, तेही बघून आलेय. जया नारायण. बाळंतीण."

मग मी त्यांना सटवीचं सांगितलं. कुणाकडून कळलं ते मष्णू न विचारता समजला. भिंतीकडं तोंड करून तो उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते.

सिस्टर लविना उठल्या. दाराबाहेर जाऊन फौजदारांना म्हणाल्या, "वही मिळाली. आमची तक्रार नाही." कुठं मिळाली, हे फौजदारांनी विचारलं नाही आणि सिस्टरांनी सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांनी मष्णूचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांसमोर माफी मागितली.

अप्पासाहेब तसेच वहीसमोर बसून होते. "गेल्या पंधरवड्यात तिचं श्राद्ध व्हतं," ते म्हणाले. "मी पान वाढलं न्हाय."

७

वर जायचं त्यांनीच ठरवलं. मी नको म्हणत होते. पण जयाबाई त्यांच्या आईच्या शेजारीण होत्या, आणि आता विचारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

कंग्राळीचे पाटील वॉर्डातल्या स्टुलावर, धोब्याच्या आईच्या उशाशी बसले. "जयाक्का, माझ्या आईनं मला कवा जवळ घेतलं न्हाय. दुसऱ्यांची पोरं मांडीवर घ्यायची, मला न्हाय. पाव्हणं आलं की म्हणायची, ह्यो कुणाचा आलाय बघा. वहीत वाचलं तवा वाटलं, म्हणूनच. मरताना तिच्या उशाशी दोन दिवस बसलो. तवा बी 'माझ्या लेका' म्हणाली न्हाय."

जयाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "मरताना तर मुळीच म्हणणार न्हाय," त्या म्हणाल्या. "तू जित्ता व्हतास न्हवं?"

अप्पासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या माणसाला मी रडताना बघेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मष्णू आला. मागोमाग नवीन नर्स आली, उद्याच्या ऑपरेशनचा फॉर्म घेऊन. केरळची पोरगी, मोडकं मराठी बोलणारी. तिनं पेन उघडलं.

"आज्जी, साइन कोण करनार? ये तुमचा मुलगा ना?"

 मष्णू खाटेच्या पायथ्याशी उभा होता आणि आईकडं एकटक बघत होता. जयाबाईंनी मान वळवून मिटलेल्या खिडकीकडं एक नजर टाकली. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "न्हाय गं बाई! ह्यो माझा कुणी न्हाय. शिष्टरांचा हाय!"

मष्णू हसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, अगदी लहान पोरासारखा. त्यानं नर्सच्या हातातून फॉर्म घेतला, वाकून सही केली आणि परत दिला.

"रिलेशन काय लिहू?" बिचारीनं विचारलं.

"ती म्हणती तसंच लिव," मष्णू म्हणाला. "कुणी न्हाय."